खासगी क्लब, सार्वजनिक मैदान



राज्यघटना, अर्थकारण, शिक्षण अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह ऐकण्यासाठी जे श्रोते सायंकाळची वेळ काढून येतात, त्यांस क्रीडासंस्थांच्या सभासदत्वाचे नियम हा विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. मला तो हलका वाटत नाही. माणूस आगगाडीत, कचेरीत किंवा न्यायालयात ज्याच्या शेजारी बसतो, त्याच्या शेजारी तो कायद्याने अथवा गरजेने बसतो. परंतु ज्याच्याबरोबर तो खेळतो आणि खेळ संपल्यावर ज्याच्याबरोबर चहा घेतो, त्याची निवड तो आपल्या खुषीने करीत असतो, आणि म्हणून कायद्याच्या पुस्तकात आलेली समता समाजाच्या अंतःकरणापर्यंत कितपत पोहोचली आहे, याची खरी परीक्षा न्यायमंदिरापेक्षा क्लबाच्या ओसरीवर अधिक चांगली होते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या घरी कोणास बोलवावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि चार स्नेह्यांनी मिळून स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत काढलेल्या मंडळाचाही तो अधिकार मी नाकारीत नाही. पण जे मंडळ सरकारी जमिनीवर नाममात्र भाड्याने उभे आहे, आणि ज्याच्या मैदानातूनच खेळाडूस प्रांताच्या व देशाच्या संघाकडे जाण्याची वाट आहे, त्या मंडळास ‘आमचे दार, आमचा नियम’ असे म्हणून मोकळे होता येणार नाही. कारण ते दार ज्या भिंतीत बसविले आहे ती भिंत सर्वांच्या जमिनीवर बांधलेली आहे.

ह्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर मुंबईच्या मैदानापासून आरंभ केला पाहिजे. पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब आणि १८५० साली झोरोस्ट्रियन क्रिकेट क्लब काढला; त्यांच्यामागून हिंदू आणि मुसलमान तरुणही एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेत, मिळेल तेथे यष्ट्या रोवून खेळू लागले. १८७५ साली त्याच मैदानाच्या एका भागावर बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याचे सभासदत्व केवळ युरोपियनांस होते, आणि त्याचे राखलेले, कुंपणातले क्रिकेटचे मैदानही त्यांचेच होते. पण एवढ्याने भागले नाही. जिमखान्याची पोलो खेळणारी मंडळी आपली घोडी कुंपणाबाहेरच्या, एतद्देशीय मुलांच्या वाट्याला आलेल्या जागेवर आणू लागली, आणि घोड्यांच्या टापांनी ती जमीन अशी उकरून निघे की तेथे चेंडू सरळ उसळणे अशक्य व्हावे. आपले मैदान राखावयाचे आणि दुसऱ्याचे तुडवावयाचे, असा तो व्यवहार होता.

शापूरजी सोराबजी नावाच्या एका चिकाटीच्या पारशी गृहस्थाने ह्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. १८८१ साली शेकडो एतद्देशीय क्रिकेटपटूंच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. त्याचा आशय साधा होता: मूठभरांच्या करमणुकीपायी पुष्कळांचा व्यायाम बुडू नये. दुसऱ्या वर्षी पोलो कूपरेजच्या जागेत हलवावा असा हुकूम झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, जिमखान्याने आपली कैफियत मांडताच, तो फिरविण्यात आला. अर्जदारांनी पुन्हा अर्ज केले, पण सरकारदरबारी ज्याचे ऊठबस करण्याइतके वजन, त्याच्याच बाजूने अखेरचा शेरा पडला. शापूरजींनी हा सगळा झगडा पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने छापून ठेवला, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. कारण क्लबांचे इतिहास बहुधा क्लबच लिहितात आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्यांची बाजू त्यांत येत नाही.

ह्या तंट्यावर सरकारने जो तोडगा काढला त्याचे परिणाम मूळ अन्यायापेक्षाही दूरवर गेले असे माझे मत आहे. समुद्राला हटवून मिळविलेल्या केनेडी सी फेसच्या जमिनीचे तुकडे एकेका जमातीस देण्यात आले. प्रथम पारशी जिमखाना, मग इस्लाम जिमखाना, आणि १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. ज्या एका कुंपणातून सर्वांस वगळले होते ते कुंपण तसेच राहिले, आणि त्याच्या नमुन्यावर आणखी तीन कुंपणे सरकारच्या सनदेने उभी झाली. वगळला गेलेला मनुष्य न्याय मागावयास जातो तेव्हा त्यास समान प्रवेश देण्याऐवजी वगळण्याचे स्वतःचे एक दार बहाल करावे, ही साम्राज्यकर्त्यांची युक्ती येथे पूर्णत्वास गेलेली दिसते. सामनेही त्याच वाटेने गेले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी, १९३७ पासून ‘शेष’ म्हणून उरलेल्यांसह पंचरंगी. अशा रीतीने धर्मवार संघांची ती परंपरा १९४६ पर्यंत चालली. १९४० च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी ह्या जातीय सामन्यांविरुद्ध आपले मत स्पष्ट सांगितले, तरी ते बंद पडावयास आणखी काही वर्षे लागली.

आता मी ज्याच्यासाठी हा विषय मुख्यत्वे निवडला, त्या पुरुषाकडे वळतो. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडास चर्मकार समाजातील एका कुटुंबात झाला. ते डावखुरे मंदगती गोलंदाज होते, आणि त्या काळच्या हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा गोलंदाज क्वचितच असेल. पुण्यास एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर त्यांनी चाकरी धरली, आणि पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात महिना ४ रुपयांवर ते लागले. काम असे की खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, नेट बांधावयाची, टेनिसच्या मैदानावर रेषा आखावयाच्या, आणि साहेबलोक फलंदाजीचा सराव करावयास आले म्हणजे त्यांस तासन् तास चेंडू टाकावयाचे. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. बाळूने आपणांस बाद केले की दर वेळी आठ आणे देण्याचा त्याचा रिवाज होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट निश्चित आहे: त्या क्लबात बाळूच्या हातात बॅट म्हणून कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराचे. फलंदाजी ही प्रतिष्ठेची, ती सभासदाची. खेळाच्या आतही वर्णव्यवस्था कशी शिरते ते येथे पाहावे.

बाळूची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंच्या कानी गेली तेव्हा त्यांच्यापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांस हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा. पण हा गोलंदाज घ्यावयाचा तर त्याने टाकलेला चेंडू झेलावा लागणार, त्याच्या घामाने भिजलेला चेंडू आपल्या हातात घ्यावा लागणार. त्यांच्यातील तेलुगू मंडळी त्यास घ्यावे ह्या मताची होती, आणि विरोध प्रथम आमच्या महाराष्ट्रीय ब्राह्मणांकडून झाला, हे नमूद करताना मला खेद होतो, पण ते झाकून ठेवणे हा त्याहून मोठा दोष होईल. शेवटी जिंकण्याच्या इच्छेने विरोधावर मात केली आणि बाळू संघात आले. मैदानावर तोच चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरू लागला. पण मध्यंतराचा चहा आला म्हणजे इतरांस तो पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांतून मिळे, आणि बाळूस पॅव्हिलियनच्या बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या बोळक्यातून. हाततोंड धुवावयाचे झाले तर अस्पृश्य जातीचाच एक नोकर मैदानाच्या कडेला किटली घेऊन येई आणि त्यांच्या हातावर पाणी ओती. जेवावयास त्यांची जागा वेगळी आणि ताट वेगळे.

ह्या व्यवहाराचे जे अंग मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते असे की त्यातील एकही अक्षर कोणत्या नियमावलीत लिहिलेले नव्हते. बाळूस पॅव्हिलियनमध्ये मज्जाव आहे असा ठराव कोणी केला नव्हता, तशी पाटी कोणी लावली नव्हती. लिहिलेला नियम अन्यायाचा असेल तर त्यावर बोट ठेवता येते, तो खोडून टाका असे सभेत म्हणता येते, न्यायालयात त्यास आव्हान देता येते; पण जो नियम केवळ नोकराच्या हातातील किटलीत आणि सभासदांच्या नजरेत राहतो, त्याच्याविरुद्ध अर्ज तरी काय लिहावयाचा आणि तो कोणत्या खात्याकडे द्यावयाचा? क्लबातील भेदभाव बहुतांशी ह्या दुसऱ्या जातीचा असतो. अर्ज करणाऱ्यास सूचक हवा, अनुमोदक हवा. मग गुप्त मतदान, आणि पेटीत पुरेशा काळ्या गोळ्या पडल्या की अर्जदाराचे नाव पुसले जाते. कारण विचारण्याची सोय नाही, कारण देण्याची रीत नाही. शंभर अर्जदारांतून एकाच जातीचे वा एकाच वर्णाचे दहा जण दर वेळी गळाले, तरी प्रत्येक वेळी म्हणावयास उत्तर तयार असते की त्या व्यक्ती पसंत पडल्या नाहीत.

महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात बाळूचा जाहीर सत्कार केला, आणि ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर चहाफराळ करण्यास तुम्हांस हरकत नसावी, असे क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांस सांगितले, अशी नोंद मिळते. पुण्यातील प्लेगामुळे बाळू मुंबईस आले, आणि तेथे काही खटपटीनंतर हिंदू जिमखान्याने त्यांस आपल्या संघात घेतले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही होते, आणि मुंबईच्या जिमखान्यात ह्या भावांबरोबर इतर खेळाडू उघडपणे एका पंक्तीस जेवू लागले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या प्रसंगी, दुसऱ्या अनेक क्षेत्रांतील प्रयत्नांनी जे साधले नाही ते ह्या प्रवेशाने हजारो तरुणांची मने मोकळी करून साधले, अशा आशयाचे लिहिले. त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्यही आहे. करवीरकर शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांस कोल्हापुरात चहाचे दुकान काढून देऊन तेथे स्वतः चहा घेतला, तो प्रसंग महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुण्याच्या पॅव्हिलियनबाहेरचे बोळके आणि कोल्हापूरच्या दुकानातील कप ही दोन्ही ज्याने मनापुढे ठेवली त्यास, एवढ्याशा चहाला इतके महत्त्व का, हा प्रश्न पडणार नाही.

पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदुस्थानी संघ विलायतेस गेला, तेव्हा बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी घेतले. इतके करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे त्या काळातील पहिल्या प्रतीचे फलंदाज. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांचीही उपेक्षा झाली. कप्तान पै हजर नसता कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीर निवेदनाने मांडली. ज्येष्ठता आणि कर्तृत्व ह्या दोन्ही कसोट्यांवर जो हक्क पोहोचतो, तो केवळ जन्मामुळे डावलला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. देवधर मोठे खेळाडू होते आणि त्यांच्या गुणांविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो निवडणाऱ्यांच्या मनोवृत्तीविषयी. निवेदनाचा परिणाम झाला, पुढच्या सामन्यास बाळूंना उपकप्तान करण्यात आले, आणि १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले व हिंदूंनी ते सामने जिंकले. विठ्ठलांनी आपल्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. ज्यांनी त्या वाचल्या नाहीत त्यांनी अवश्य वाचाव्या, कारण क्रीडाविषयक मराठी वाङ्मयात इतका संयमी आणि इतका वेदनायुक्त ग्रंथ विरळा.

खेळाडू म्हणून घेणे आणि सभासद म्हणून घेणे ह्यांतले अंतर युरोपियनांच्या बाबतीतही तितकेच ठळक होते. १८९० च्या जानेवारीत पारशांनी व्हर्ननच्या विलायती संघास हरविले ते बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात झाला तोही त्याच मैदानावर. नायडू कप्तान होते. लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या, आणि हजारो प्रेक्षक तात्पुरत्या उभारलेल्या बैठकांवरून जयघोष करीत होते. देशाच्या वतीने पहिले शतक ज्याने काढले, त्या पुरुषास त्या क्लबाचा सभासद होण्याचा अधिकार मात्र नव्हता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ च्या सुमारास मुंबईत युरोपियन आणि हिंदी अशा दोघांस खुला असा क्लब निघाला होता, हे खरे. पण एक नवे दार उघडले म्हणून जुन्या दारांचे अडसर निघाले नाहीत, आणि नव्या दारातूनही आत जाण्याची ऐपत संस्थानिक, गिरणीमालक आणि बॅरिस्टर यांचीच होती.

स्वराज्य आले, घटना झाली. पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे, तसेच सरकारी पैशाने सर्वांशी वा अंशतः चालविलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागा येथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ह्या कलमाची चर्चा चालली असता डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ व्यापक घ्यावा, जो कोणी लोकांस सेवा देऊ करतो तो त्यात आला, असा खुलासा केला. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र केले. परंतु क्लब ह्या सर्वांच्या फटीत राहिला. एकोणिसावे कलम संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य देते, आणि आपणांस पसंत नसलेल्यास न घेणे हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे असे म्हटले जाते. २००५ साली गुजरातेतील एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने ह्याच विचाराने ग्राह्य मानला. निकालपत्राचा मी आदर करतो. पण ज्या देशात शतकानुशतके जातीच्या मंडळांनीच माणसास गावाच्या विहिरीपासून दूर ठेवले, तेथे मंडळाच्या स्वातंत्र्याचा विचार मंडळाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या स्वातंत्र्यासह व्हावयास हवा, असे मला नम्रपणे वाटते.

इंग्लंडने हा पेच कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. तेथे एका राजकीय क्लबाने भारतीय वंशाच्या गृहस्थाचा अर्ज वर्णामुळे फेटाळला, आणि १९७३ साली उमरावांच्या सभेने निर्णय दिला की जेथे सभासदांची निवड खरोखरीच व्यक्ती पाहून होते, तेथे वंशभेदाचा कायदा लागत नाही. न्यायालयाचे तेवढेच काम होते. पण पार्लमेंटने ते तेथे सोडले नाही. १९७६ च्या कायद्याने पंचवीस वा त्याहून अधिक सभासद असलेला क्लब वंशभेदाच्या बंदीखाली आणला. घरगुती बैठक आणि संस्था ह्यांमध्ये रेषा कोठे ओढावी, असे विचारणाऱ्यांस हे सरळ उत्तर आहे. रेषा ओढता येते. ओढण्याची इच्छा पाहिजे.

अमेरिकेचा एक दाखला मला बाळूंच्या कथेइतकाच मर्मभेदक वाटतो. तेथील राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत खेळावयाचे तर आधीच्या स्पर्धांत गुण मिळवावे लागत, आणि त्या स्पर्धा खासगी क्लबांच्या मैदानांवर होत, जेथे कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. म्हणजे राष्ट्रीय संघटनेस आपल्या नियमांत वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच नव्हती. ते काम क्लब परस्पर करीत होते. ॲलिस मार्बल ह्या माजी विजेतीने १९५० साली ह्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला तेव्हा अल्थिया गिब्सन ह्या कृष्णवर्णीय खेळाडूस त्या स्पर्धेच्या फॉरेस्ट हिल्स येथील मैदानावर खेळता आले, आणि १९५७ व १९५८ अशी दोन वर्षे ती तेथे अजिंक्य ठरली. त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच मैदानाच्या यजमान क्लबाने, नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि संयुक्त राष्ट्रांचे कृष्णवर्णीय उच्चाधिकारी राल्फ बंच यांच्या मुलास सभासदत्व मिळणार नाही असे सांगितले. वर्तमानपत्रांत गहजब झाला, क्लबाच्या अध्यक्षास जावे लागले, आणि पितापुत्रांस सभासदत्व देऊ करण्यात आले. बंच यांनी ते घेतले नाही. हा निर्णय आपल्या प्रतिष्ठेमुळे झाला, समतेच्या तत्त्वामुळे नव्हे, ही त्यांची त्यामागील भूमिका होती. असामान्य माणसासाठी दार किलकिले करणे हा भेदभावाचा शेवट मानला जातो, ह्या भ्रमास त्यांनी जे उत्तर दिले ते आमच्याकडील प्रत्येक जिमखान्याच्या कार्यकारी मंडळाने वाचावे. बाळूंसारखी गोलंदाजी ज्याला करता येत नाही, त्यासही बसून चहा पिण्याचा अधिकार आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मी थोडक्यातच सांगतो, कारण तेथे युक्तिवाद कोणी गंभीरपणे करीतच नाही, केवळ कालहरण होते. १७८७ साली स्थापन झालेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबाने स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव १९९८ साली मंजूर केला. म्यूरफील्डच्या गोल्फ क्लबात २०१६ साली तो ठराव पुरेशा मतांअभावी पडला. त्याबरोबर खुल्या अजिंक्यपद स्पर्धेच्या यजमानांच्या यादीतून त्या मैदानाचे नाव काढण्यात आले, आणि वर्ष उलटण्याच्या आत तोच ठराव मंजूर झाला. क्लबांचे मन वळविण्याचा मार्ग ह्यावरून दिसतो: सार्वजनिक सन्मान आणि सार्वजनिक लाभ हे सार्वजनिक वर्तनाच्या अटीवर द्यावे.

आपल्याकडे आज जातीचे नाव घेऊन कोणी कोणास परत पाठवीत नाही. परंतु २०१४ साली चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस क्रिकेट संघटनेच्या क्लबात वेष्टी नेसल्यामुळे अडविण्यात आले, आणि तमिळनाडू विधानसभेस त्याच वर्षी पोशाखावरून मज्जाव करण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला. २०१७ साली दिल्लीच्या गोल्फ क्लबात भोजनास आलेल्या एका खासी स्त्रीस, तिचा पारंपरिक जैनसेम मोलकरणीच्या वेषासारखा दिसतो म्हणून, उठून जाण्यास सांगण्यात आले. तो क्लब सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर आहे. आता समजा ती स्त्री खरोखरीच मोलकरीण असती, तर तिला उठविणे योग्य ठरले असते काय? त्या वेळी झालेल्या चर्चेत बहुतेकांनी तिची गणना चुकली एवढ्यावरच आक्षेप घेतला, ह्याचे मला फार दुःख वाटते.

दुसरा प्रकार वंशपरंपरेचा. दिल्ली जिमखान्याची स्थापना १९१३ सालची. राजधानीच्या ऐन मध्यभागी सत्तावीस एकरांहून अधिक सरकारी जमीन त्याच्याकडे पट्ट्याने आहे. तेथे सभासदांच्या मुलांस झुकते माप मिळते आणि बाहेरचे अर्जदार दशकानुदशके तिष्ठत राहतात अशी केंद्र सरकारची तक्रार होती, आणि २०२२ साली कंपनी न्यायाधिकरणाने त्याच्या कारभारावर संचालक नेमण्याची मुभा सरकारास दिली. सरकारने क्लब चालवावे हे मला पसंत नाही. अधिकाऱ्यांच्या हाती गेलेला क्लब अधिकाऱ्यांचा होतो एवढेच. पण रोग ओळखला गेला होता. मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने आणि १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली. बापाचा हक्क मुलास केवळ जन्मामुळे पोहोचतो ही कल्पना सार्वजनिक व्यवहारातून काढून टाकली. मग सरकारी जमिनीवरील खेळाच्या मैदानाचा उपभोग मात्र वतनासारखा पिढ्यान् पिढ्या चालावा, ह्याचे समर्थन कसे करावयाचे?

येथे एक आक्षेप मी मनापासून ऐकतो. मुंबईतील पारशी समाज लहान आहे, आणखी लहान होत आहे. त्याने आपले एकत्र जमण्याचे ठिकाण राखले तर त्यात कोणाचा अपमान आहे? माझ्या मते लहान समाजास आपल्या सभासदत्वात प्राधान्य ठेवण्यास हरकत नसावी. बहुसंख्याकांच्या संस्थेने तेच करणे आणि अल्पसंख्याकांनी करणे ह्यांत फरक आहे, कारण पहिल्यामुळे वगळला गेलेल्यास जाण्यास दुसरी जागा उरत नाही. पण प्राधान्य इमारतीत असावे, मैदानात नव्हे. आणि मैदान सरकारी असेल तर ते दुपारी ओस पडले असता शेजारच्या पालिकाशाळेची मुले कुंपणाच्या गजांतून पाहत उभी राहणे हे त्या समाजासही शोभणारे नाही.

अशा पुष्कळ क्लबांचे पट्टे कायमचे नाहीत. ते मुदतीचे असतात, मुदत संपते, नूतनीकरणाचा अर्ज महसूल खात्यात येतो, आणि तेथेच प्रजासत्ताकास बोलण्याची संधी असते. नूतनीकरणाच्या वेळी पट्ट्यात काही कलमे घालावी असे मी सुचवितो. सभासदत्वाचे नियम आणि प्रतीक्षायादी सर्वांस पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर क्लबाबाहेरच्या एखाद्या निवृत्त न्यायाधीशाकडे अपील चालावे. सभासदांच्या मुलांस रांगेत पुढे घेण्याची तरतूद नसावी. मैदान आठवड्यातील ठरावीक तास पालिका आणि जिल्हा परिषद यांच्या शाळांस विनामूल्य मिळावे. पोशाखावरून वा चाकरीवरून कोणास भोजनगृहातून उठविले तर तो पट्ट्याचा भंग समजावा. आणि ज्या माळ्यांनी व मैदान राखणाऱ्या नोकरांनी पहाटे रूळ फिरविला, त्यांस आणि त्यांच्या मुलांस नेटमध्ये सरावाचा हक्क असावा, चेंडू टाकण्याचा आणि फलंदाजी करण्याचाही. ह्यांतील एकाही कलमास नवा कायदा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. पट्ट्यावर जिल्हाधिकाऱ्याची सही होण्यापूर्वी ती त्या कागदावर लिहिलेली असली म्हणजे पुरे.